गच्चीवरची घोंगडी

देव माझ्या घरात वावरतो याबद्दल मला कधी शंका नव्हती आणि आजही नाही. शंका असलीच तर माझ्या डोळ्यांबद्दल आहे. तो मागच्या दारानं आत येऊन कामाला लागलेला असतो आणि मी पुढच्या खिडकीत मान लांब करून त्याची वाट बघत असतो. नुसती वाट बघितली असती तरी चाललं असतं, पण मी "आला, आला" म्हणून चारचौघांत ओरडतोही. म्हैसूरच्या मुक्कामात मी असा एकदा ओरडलो होतो. त्या वाट बघण्यापायी एका म्हातारीचा पाय मोडायचा तेवढा राहिला.

आम्ही मूळचे नगरचे. मी केंद्र सरकारच्या कार्यालयात ड्राफ्ट्समन. नकाशे काढायचे, रेघा मारायच्या आणि साहेबांचा विचार बदलला की मारलेल्या रेघा खोडायच्या. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला माझी म्हैसूरला बदली झाली आणि नजरबादेत एका घराच्या वरच्या मजल्यावर आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. खोल्यांसमोर मोठी उघडी गच्ची. खाली घरमालक नवराबायको राहत. त्यांचे खापरपणजोबा म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते म्हणे. घोडा गेला, फौज गेली, घरात मराठी तेवढी राहिली, आणि तिच्यावरही कानडीचा चांगला जाड लेप बसला होता. मालकांना सगळी गल्ली रावसाहेब म्हणायची. मालकीणबाईंना आम्ही मावशी म्हणत असू. त्या मात्र मला 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायच्या. इतके नकाशे काढले, पण या नात्याचा नकाशा मला कधी काढता आला नाही.

गावात आम्ही मराठी ख्रिस्ती म्हणजे मोजून सात घरं. रविवारी कानडी मंडळींबरोबर चर्चला जायचो, पण शुक्रवारी संध्याकाळी आळीपाळीनं कुणाच्या तरी घरी मराठी प्रार्थनासभा भरायची. पेटीवर दोन गीतं, शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, वाचन आणि मग साक्ष. साक्ष म्हणजे या आठवड्यात देवानं आपल्या घरी काय केलं ते उभं राहून सांगायचं. बाकीचे लोक "ताप उतरला", "मुलगा पास झाला" एवढंच सांगून खाली बसत. माझी साक्ष अशी बसत नसे. तिला सुरुवात असे, मध्य असे, उत्कर्षबिंदू असे, आणि शेवटी मी घाम पुसत असे. सभा चालवणाऱ्या एक निवृत्त मेट्रनबाई होत्या. आयुष्यभर वॉर्ड सांभाळलेल्या, त्यामुळे रोगी किती दुखण्यानं कण्हतोय आणि किती हौसेनं, हे त्यांना लगेच कळे. माझी साक्ष संपली की त्या चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "प्रभूचे आभार. आता खरं किती ते प्रभूला माहीत."

त्या वर्षी मात्र देवाकडे मागण्यासारखं खरंच काही होतं. याआधी दोनदा आमची आशा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मावळली होती. आता तिसऱ्यांदा दिवस राहिले होते आणि चौथा महिना सरला होता. डॉक्टरीणबाईंनी बायकोला बजावलं, "जिना उतरायचा नाही, वजन उचलायचं नाही, प्रवासाचं तर नावही काढायचं नाही. पडून राहायचं."

पडून राहायचं म्हणजे प्रश्न पाण्याचा आला. खालच्या नळाला पहाटे पाचला पाणी यायचं. बायको खालून कळशी कळशी आणून गच्चीच्या कोपऱ्यातलं पिंप भरायची. मी काय करायचो असं कुणी विचारू नये. मी झोपायचो. आता ती म्हणाली, "पाण्याचं तुम्ही बघा." मी बघितलं. गच्चीत एक तोटी होती. आम्ही आल्यापासून तिला थेंब आलेला कुणी पाहिला नव्हता. मी पिंप तोटीखाली सरकवलं, तोटी पूर्ण उघडली, मनापासून प्रार्थना केली आणि झोपलो. सकाळी सातला उठून पाहतो तर पिंप काठोकाठ! दुसऱ्या दिवशीही काठोकाठ. आठवडाभर काठोकाठ.

त्या शुक्रवारची साक्ष मी अजून विसरलेलो नाही. दुर्दैवानं इतरही विसरलेले नाहीत. शास्त्रातल्या विधवेचं तेल जसं आटलं नाही, तसं नजरबादेतलं आमचं पिंप आटत नाही, असं मी हात वर करून सांगितलं. दोन बायकांनी डोळे पुसले. मेट्रनबाई म्हणाल्या, "प्रभूचे आभार. तोटी एकदा प्लंबरला दाखवा."

अडीच महिने हा चमत्कार रोज चालला. मग जानेवारीतल्या एका सोमवारी टपालानं माझ्या बदलीचा हुकूम आला. नगरला! तीन वर्षांपूर्वी मीच अर्ज केला होता, पण करून विसरलो होतो. सरकार विसरलं नव्हतं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हायचं, आणि यायचं नसेल तर शनिवारपर्यंत तसं लेखी कळवायचं. एकदा नाही म्हटलं की नाव यादीच्या तळाशी. त्याच टपालात आईचं पत्रही होतं. "तिला घेऊन ये. परक्या गावात वेळप्रसंगाला पोर एकटी पडेल. इथं मी आहे, तुझ्या दोन आत्या आहेत."

आता अडचण बघा. जावं तर दोनदा गाडी बदलून दीड दिवसाचा प्रवास, सहा महिन्यांच्या पोटानं. राहावं तर इथं आपलं माणूस एक नाही. मला खरोखर भीती वाटत होती. एक पाऊल चुकलं तर यावेळीही पाळणा रिकामाच राहणार होता, आणि पाऊल मला टाकायचं होतं.

बायको म्हणाली, "डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते ऐकलंत ना?"

"ऐकलं. पण देवाचं म्हणणं काय आहे ते कळायला नको?"

"देवानंच त्यांच्या तोंडून सांगितलं असेल."

"अगं, त्या आपल्यातल्यासुद्धा नाहीत!"

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी तिच्या अंगावरचं पांघरूण उगाच सारखं केलं.

शास्त्रात एक शूर पुरुष आहे. लढाईला जाऊ की नको हे देवाला विचारण्यासाठी तो रात्री खळ्यावर लोकर पसरून ठेवतो. लोकर दवानं भिजावी आणि भोवतालची जमीन कोरडी राहावी, म्हणजे देवाचा होकार. लहानपणी संडे स्कूलच्या नाटकात मीही या प्रसंगात होतो. मी लोकर झालो होतो. तेव्हापासून या विषयात मला अधिकार आहे असं मला वाटे. ठरवलं, आपणही तसंच विचारायचं. लोकर भिजली आणि फरशी कोरडी राहिली तर नगर. नाहीतर म्हैसूर.

पण लोकर आणायची कुठून? म्हैसूर पडलं रेशमाचं गाव. शेवटी आईनं लग्नात दिलेली घोंगडी आठवली. मंगळवारी ती काखोटीला मारून निघालो तर बायको पडल्या पडल्या म्हणाली, "घोंगडी कुठं निघाली?"

"ढेकूण झालेत. हवा दाखवतो."

"झोपताना? थंडीत?"

"थंडीनं मरतात," मी म्हणालो. देवाला विचारायला निघालेल्या माणसानं दारातच थाप मारावी, हे तेव्हा मला खटकलं नाही.

कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून घोंगडी मी मागच्या कोपऱ्यात पसरली. सकाळी सहाला कानटोपी घालून गेलो. घोंगडी ओलसर होती. फरशीही ओलसर होती. पण धंदा मोजमापाचा. ऑफिसातून आणलेला टीपकागद आधी घोंगडीवर दाबला, मग फरशीवर दाबला, आणि कुठला जास्त ओला ते उजेडाकडे धरून बघू लागलो. गुडघे टेकून फरशीवर तिसरा कागद दाबत होतो तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय ओ, लेवल बघालाय काय?"

रावसाहेब! ते रोज सकाळी गच्चीवर जोर काढायला यायचे, हे मी सातला उठणारा असल्यामुळे मला माहीत नव्हतं.

"नाही, म्हणजे... गच्ची गळते की काय, बघत होतो."

"अय्यो! गळाली? आणि मला सांगितलं न्हाई?"

त्या दिवशी मी ऑफिसातून परत येतो तर गच्चीवर गवंडी. मागचा कोपरा खरवडून त्यानं ताजा चुना थापला होता आणि गळती शोधण्यासाठी सगळी पाणवाट बोळ्यांनी बंद करून गच्चीभर पाणी तुंबवलं होतं. बुधवारच्या रात्री माझ्या खळ्यावर घोटाभर तळं होतं. फरशी कोरडी ठेवणं त्या रात्री देवालाही जरा अवघड गेलं असतं. गुरुवारी बोळे काढून रावसाहेबांनी निकाल दिला, "ठिपका बी गळत न्हाई. तुमाला स्वप्न पडलं."

आता एकच रात्र उरली. शुक्रवारी सभा, शनिवारी उत्तर. मागचा कोपरा ओल्या चुन्यानं अडलेला, म्हणून घोंगडी मी गच्चीच्या मधोमध पसरली, मनापासून प्रार्थना केली आणि झोपलो.

सकाळी दार उघडलं. आभाळ भरून आलं होतं, दव पडलंच नव्हतं. फरशी कोरडी ठणठणीत. आणि घोंगडी? घोंगडी चिंब! एक टोक पिळलं तर तांब्याभर पाणी निघालं. घोंगडीपासून मोरीपर्यंत पाण्याचा एक ओघळ गेलेला दिसत होता, पण तो मी कृपेचा ओघळ समजून सोडून दिला. टीपकागदाची गरजच नव्हती. मी अनवाणीच आत धावलो.

"होकार आला! नगर! बांधाबांध कर... म्हणजे तू पडून राहा, मीच करतो. ट्रंका कुठं आहेत?"

मग तिला सगळं सांगितलं. लोकर, दव, टीपकागद, गवंडी, सगळं. ती ऐकत राहिली आणि मग जी हसायला लागली, ती थांबेचना.

"हसू नकोस गं, डॉक्टरीणबाईंनी..."

"हसायला बंदी नाही केली." तिनं डोळे पुसले आणि एकदम विचारलं, "घोंगडी मधोमध टाकली होतीत?"

"हो."

"मग पहाटे धपकन आवाज झाला तो मांजराचा नव्हता. आधी खाली जा. मावशींना लागलंय का बघा."

"मावशींचा इथं काय संबंध?"

"अहो," ती म्हणाली, "पिंप कोण भरतं रोज?"

मी जिना उतरलो तो एकेका पायरीवर जड होत उतरलो. खाली मावशी पाय पुढे घेऊन बसल्या होत्या. घोटा लिंबाएवढा सुजलेला. रावसाहेब वाटीत हळद-चुना कालवत होते.

"ये तम्मा," मावशी म्हणाल्या. "मधी घोंगडी कोण टाकलं रे? अंधारात पाय अडकला, कळशी गेली, मागनं मी बी गेले. ती बघ कळशी. एवढा पोचा आला." घोट्यापेक्षा त्यांना कळशीचं जास्त लागलेलं दिसत होतं.

"मावशी, आमच्या पिंपातलं पाणी... रोज तुम्ही?"

"मग? तुझ्या तोटीतनं येतंय वाटलं काय?"

रावसाहेब वाटीतून मान वर न करता म्हणाले, "त्या तोटीला मी पाच वर्साखाली आतनं बूच मारलोय."

"पण मला सांगितलं का नाही?"

"त्यात काय सांगायचं?" मावशी म्हणाल्या. "पोरीला जिना बेडा म्हटलंय न्हवं डॉक्टर? नको म्हटलंय. तू उठतोस सातला. मग आम्ही दोघं भरतो. हे अर्ध्या जिन्यापर्यंत आणतात, पुढं मी. पाणीच की रे."

पाणीच की. अडीच महिने, रोज पहाटे, साठी उलटलेली दोन माणसं अंधारात आमचा जिना चढत होती. आणि मी सात घरांसमोर हात वर करून तोटीची साक्ष देत होतो! लाज इतकी वाटली की मी तिथंच जमिनीवर बसलो आणि घोंगडी का टाकली ते सगळं त्यांना सांगून टाकलं. थाप मारण्याची ताकदच उरली नव्हती. रावसाहेबांचा हात वाटीत थांबला. गवंड्याचा उलगडा त्यांना तेव्हा झाला.

मावशींनी नीट ऐकून घेतलं. "म्हणजे पोरीला गाडीत घालून नेऊ काय, असं देवाला विचारलास?"

"हो."

"घोंगडी भिजली तर जा, असं?"

"हो."

"आणि भिजवली कोण?"

"तुम्ही."

"मग पाणी माझं. त्याचा अर्थ बी मीच सांगते. जायचं न्हाई."

रावसाहेब म्हणाले, "आयतु. झालं. आता ह्यो चुना लाव तिच्या पायाला. माझी कंबर धरलीय."

लग्नानंतर कुणाच्या पायाला हात लावण्याची ती माझी पहिलीच वेळ असेल. हळद लावता लावता मला जे दिसलं ते अगदी स्वच्छ दिसलं, आणि त्यावर मी आजवर ठाम आहे. देवानं उत्तर दिलं होतं. उशीर त्यानं केला नव्हता, मीच केला होता. मी प्रश्न विचारण्याच्या अडीच महिने आधीपासून तो रोज पहाटे पाचला उत्तर वर आणून ओतत होता, आणि मी त्याच्या वाटेत घोंगडी पसरून ठेवली होती. 'इथं आपलं माणूस एक नाही' हे माझं वाक्य मला आठवलं आणि मी हळद जरा जास्तच चोळली. मावशी ओरडल्या.

वर येऊन बायकोला म्हणालो, "तुला माहीत होतं, मग सांगितलं का नाहीस?"

"मावशींनी शपथ घातली होती. म्हणाल्या, त्याला कळलं तर उगाच उठेल, सांडासांड करील. आणि तुमची साक्ष इतकी रंगली होती की मोडवेना."

"बरं. तुझं काय म्हणणं आहे? जायचं की राहायचं?"

"विचारलंत एकदाचं," ती म्हणाली. "मंगळवारपासून घोंगडीला विचारताय." मग हळू आवाजात म्हणाली, "मला झोप लागत नाही हो. वाटतं, याही वेळी तसंच होईल. मग पहाटे पिंपात पहिली कळशी ओतल्याचा आवाज येतो. तेव्हा मी म्हणते, प्रभू, तू आलास. आणि डोळा लागतो. नगरला कोण ओतणार तिथं पहाटे? मी राहणार."

अडीच महिने तिला तो आवाज ओळखता येत होता. सभेत ती कधी साक्ष द्यायला उभी राहिली नव्हती. जीभ चालत नाही म्हणायची.

संध्याकाळी सभेला मी उभा राहिलो आणि जे झालं ते सरळ सांगितलं, तोटीच्या बुचासकट. दोन महिन्यांपूर्वी डोळे पुसणाऱ्या त्या दोघी बायका आता पदरात तोंड घालून हसत होत्या. मी बसलो तेव्हा मेट्रनबाई म्हणाल्या, "तुमचं भिजत घोंगडं एकदाचं वाळलं म्हणायचं." मग चष्मा काढून म्हणाल्या, "आज साक्ष दिलीत. बसा."

शनिवारी मी नकाराचं पत्र दिलं. साहेबांनी पत्र वाचून विचारलं, "तीन वर्षांपूर्वी तुम्हीच अर्ज केला होतात, आता नको म्हणता? तुमचं सगळं कुटुंब तर नगरला आहे." मी म्हणालो, "सगळं नाही साहेब." त्यांनी आणखी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला वाटतं मी पुन्हा रंगवून सांगितलं असतं.

त्या शनिवारच्या पहाटेपासूनच पाणी मी भरू लागलो. मावशींचं म्हणणं अगदी खरं ठरलं, मी निम्मं जिन्यावर सांडायचो. रावसाहेब खालच्या पायरीवर उभं राहून हुकूम सोडायचे, "डावा पाय! आता उजवा! अय्यो, कळशी आडवी कशाला धरता?" घोडा असता तर त्यांनी मला घोड्यावर बसवलं असतं. पण पिंपात पहिली कळशी ओतताना मी मुद्दाम जरा उंचावरून ओतत असे. आत आवाज जावा म्हणून.

एप्रिलचा दुसरा पंधरवडा डॉक्टरीणबाईंनी सांगितला होता आणि त्या हिशेबानं आईचं तिकीट काढलेलं होतं. पण बाळानं आमचा हिशेब मानला नाही. तीन आठवडे आधीच, भर दुपारी कळा सुरू झाल्या. मी ऑफिसात होतो. निरोप मिळून धावत इस्पितळात पोचेपर्यंत मावशी तिला टांग्यात घालून घेऊनही आल्या होत्या आणि बाकावर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बायकोच्या मुठीत त्यांचा पदर होता. आत नेतानाही तिनं तो सोडला नाही, तेव्हा नर्सनं वैतागून मावशींनाही आत घेतलं. बाहेर मी आणि रावसाहेब. त्यांनी त्यांच्या देवीचं नाव घेतलं, मी माझ्या प्रभूचं घेतलं. यावेळी मी खूण मागितली नाही. कुठली मागावी तेही सुचलं नाही. नुसतं म्हणालो, तू आत आहेस हे मला माहीत आहे, मी इथं बसतो.

मुलगी झाली. आकारानं लहान, आवाजानं माझ्यावर गेलेली. नर्सनं ती आधी मावशींच्या हातात दिली. मला पाचव्या की सहाव्या नंबरावर मिळाली.

तार मिळताच आई तिकिटाच्या तारखेची वाट न बघता निघाली. मी तिला स्टेशनावर आणायला गेलो. दीड दिवस बाकावर बसून तिचे पाय सुजले होते, केस विस्कटले होते. माझा चेहरा बघूनही तिचा जीव भांड्यात पडला नव्हता. पिशवी माझ्या हातात देण्याआधीच तिनं विचारलं, "पोर एकटीच होती का रे?"

"नाही आई," मी म्हणालो.

"मग कोण होतं?"

टांगा नजरबादेला पोचेपर्यंत मी तिला तेच सांगत होतो.